दहशतवाद, कायदा आणि मानवी हक्क : इंडोनेशियाचा अनुभव



प्रजेच्या जीविताचे रक्षण हे राज्यसंस्थेचे आद्य कर्तव्य होय. परंतु ते पार पाडताना राज्यसंस्थेने स्वतःवर कोणती बंधने घालून घ्यावीत, हा प्रश्न आशिया-प्रशांत प्रदेशातील अनेक राष्ट्रांपुढे उभा राहिला आहे. या दृष्टीने इंडोनेशियाचा अनुभव अभ्यसनीय आहे.

१२ ऑक्टोबर २००२ च्या रात्री बाली बेटावरील कुटा येथे झालेल्या बॉम्बस्फोटांत २०२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत ८८ ऑस्ट्रेलियन व ३८ इंडोनेशियन होते. दहशतवादासाठी स्वतंत्र कायदा त्या वेळी त्या देशात नव्हता. सहा दिवसांतच शासनाने दोन अध्यादेश काढले. पहिल्याने दहशतवादाच्या गुन्ह्यांना मृत्युदंडापर्यंतची शिक्षा ठरविली. दुसऱ्याने तोच कायदा बालीच्या घटनेस पूर्वलक्षी प्रभावाने लागू केला. २००३ मध्ये संसदेने दोहोंना कायद्याचे रूप दिले.

येथेच खरा पेच निर्माण झाला. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या प्रदीर्घ राजवटीत राष्ट्राच्या सुरक्षिततेचे कारण पुढे करून असंख्य नागरिकांना खटल्यावाचून डांबून ठेवण्यात आले होते. १९९८ मध्ये ती राजवट संपल्यावर, २००० साली राज्यघटनेत मानवी हक्कांचे प्रकरण समाविष्ट झाले. कृत्य घडल्यानंतर केलेल्या कायद्याखाली कोणावरही खटला भरू नये, हा हक्क कोणत्याही परिस्थितीत कमी करता येणार नाही, असे त्यात नमूद आहे. याच आधारे जुलै २००४ मध्ये घटना न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी दुसरा कायदा घटनाबाह्य ठरविला.

मग अपराधी मोकळे सुटले काय? तसे झाले नाही. आधी दिलेल्या शिक्षा कायम राहिल्या. तिघा प्रमुख आरोपींना नोव्हेंबर २००८ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. पुढे हाती लागलेल्या उमर पाटेक यास बालीतील हत्यांबद्दल जुन्याच दंडसंहितेखाली दोषी ठरवून २०१२ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. २०२२ मध्ये त्याची पॅरोलवर सुटका झाली, तेव्हा मृतांच्या आप्तांना झालेले दुःखही नजरेआड करता येणार नाही. पीडितांचे हक्क हेही मानवी हक्कच होत.

मे २०१८ मध्ये सुराबाया येथील तीन चर्चवर हल्ले झाले. त्याच महिन्यात संसदेने कायदा अधिक कठोर केला. अटकेची व तपासकोठडीची मुदत वाढली. त्यावर मानवी हक्क संघटनांनी आक्षेप घेतले. मात्र त्याच कायद्याने पूर्वीच्या हल्ल्यांतील पीडितांनाही भरपाई मागण्याचा मार्ग खुला केला आणि तपासात मानवी हक्कांचा भंग करणारा अधिकारी शिक्षेस पात्र ठरविला.

मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या हल्लेखोरासही वकील मिळाला व त्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, हे महाराष्ट्रास ज्ञात आहेच. दहशतवाद्याला कायद्याची चाड नसते. राज्यसंस्थेला ती असते. हा भेद पुसला गेला, तर दहशतवाद्याचा हेतू आयताच सफल होईल. गावपातळीवर शासनाचा अधिकार वापरणाऱ्या आणि नव्या पिढीला नागरिकत्वाचे धडे देणाऱ्या प्रत्येकाने हे भान जागते ठेवणे अगत्याचे आहे.