याला मजुरी काय मिळत होती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आर्थिक प्रश्नांच्या अभ्यासवर्गात मी वस्तुसंग्रहालयावर बोलणार, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वस्तुसंग्रहालय म्हणजे सवड असलेल्यांची करमणूक, अशी आपली समजूत आहे. ती समजूत पुसावी, एवढ्यासाठीच हा विषय मी निवडला.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत रविवारी लालबाग-परळची कुटुंबे मुलांना घेऊन येतात, प्राणी पाहतात आणि परततात. त्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय उभे आहे. मुंबईतले हे सर्वांत जुने संग्रहालय. ते महानगरपालिकेच्या, म्हणजे आपल्याच मालकीचे आहे. तरीही त्याच्या पायऱ्या चढताना आपला माणूस बिचकतो. हे असे का व्हावे?

उत्तरासाठी इतिहासात जावे लागते. लंडनमध्ये 1851 साली जे प्रचंड औद्योगिक प्रदर्शन भरले, त्याने साम्राज्याला एक नवी दृष्टी दिली. अंकित देशांतला माल एका छताखाली मांडून पाहण्याची ती दृष्टी होती. पुढे 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून धान्ये, तंतू, लाकूड, खनिजे आणि कारागिरीच्या वस्तू गोळा झाल्या. तशाच वस्तू मुंबईतही जपाव्यात, या विचारातून हे संग्रहालय जन्मले. म्हणजे त्या काळच्या सरकारच्या लेखी निसर्गविज्ञान, कला आणि व्यापार ही एकाच खतावणीची तीन पाने होती. कोणत्या जमिनीत काय पिकते, कोणत्या हाताला काय साधते आणि त्यातले विलायतेला काय उपयोगी पडेल, हे त्यांना पाहायचे होते.

परंतु एवढेच सांगून थांबलो तर तो अन्याय होईल. 1857 च्या धामधुमीत लष्कराला जागा हवी म्हणून हा संग्रह हलवण्यात आला आणि त्यातले बरेच काही नष्ट झाले. तो पुन्हा उभा करण्यासाठी जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर डॉ. भाऊ दाजी आणि जगन्नाथ शंकरशेट झटले. भाऊ दाजी गोरगरिबांना मोफत औषध देणारे वैद्य होते, कुष्ठरोगावर उपाय शोधणारे संशोधक होते आणि प्राचीन शिलालेख वाचणारे पंडितही होते. त्यांच्या दृष्टीने ही मालाची वखार नव्हती, ती लोकांची शाळा होती. एकाच इमारतीत असे दोन हेतू नांदले. त्यांतला कोणता पुढे न्यायचा, हे आता आपल्याला ठरवायचे आहे.

या इमारतीचा पैसाही मोठा बोलका आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 पासून लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना. आपल्याकडच्या कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईच्या पेढ्यांत पैसा खेळू लागला. देणग्या जमल्या, बांधकाम सुरू झाले. 1865 साली युद्ध संपले, भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला आणि बांधकाम रखडले. शेवटी सरकारी पैशाने ते पुरे होऊन 1872 साली संग्रहालय खुले झाले. देणगीदारांची नावे इतिहासात राहिली. ज्याच्या कापसावर ही तेजी उभी होती, त्या शेतकऱ्याचे नाव कुठेच नाही.

आत मातीच्या लहान प्रतिकृती आहेत. निरनिराळ्या जातिजमातींची माणसे, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे यांचे अत्यंत कुशल काम त्यांत दिसते. काही वर्षांपूर्वी गिरणीत आयुष्य काढलेल्या एका स्नेह्यांबरोबर मी तिथे गेलो होतो. साचेखात्यात उमेद घालवलेला तो माणूस. एका कारागिराच्या पुतळीपाशी ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "सर, याला मजुरी काय मिळत होती?"

मी चाळीसेक वर्षे अर्थशास्त्र शिकवले, पण त्या कपाटापुढे हा प्रश्न मला सुचला नव्हता. पुतळीवरून पागोटे कळते, हत्यार कळते, जात कळते. मात्र त्याने सावकाराला किती दिले, विलायती माल आल्यावर त्याचे काय झाले, त्याची मुले पुढे कोणत्या गिरणीच्या दाराशी उभी राहिली, हे कळत नाही. बर्डवुड यांनी 1880 साली हिंदी हस्तकलांवर ग्रंथ लिहून आपल्या कारागिराचे मनापासून कौतुक केले. पण ज्या राजवटीचे ते अधिकारी होते, तिच्याच व्यापारनीतीने त्या कारागिराचे पोट मारले. कौतुक कलेचे झाले, कारागीर उपाशी राहिला.

1975 साली संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव मिळाले. जीर्ण झालेल्या वास्तूचा महानगरपालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून जीर्णोद्धार केला आणि 2008 साली ती पुन्हा खुली झाली. काम उत्तम झाले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आजच्या कलावंतांना या संग्रहावर नवे काम करण्यासाठी बोलावले जाते, हेही स्वागतार्ह आहे. पण त्याच वास्तूच्या आसपास, 1982 च्या संपानंतर, एक अख्खे गिरणगाव पाहता पाहता पुसले गेले. भिंतींचा जीर्णोद्धार पैशाने होतो. स्मृतीचा जीर्णोद्धार करायला मात्र ज्यांची ती स्मृती आहे, तीच माणसे लागतात.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक वस्तूजवळ ती कोणी केली, कोणत्या मोबदल्यात केली आणि कोणी विकत घेतली, हे जेवढे ठाऊक आहे तेवढे सोप्या मराठीत लिहावे. ठाऊक नसेल तर तसेही लिहावे. हयात असलेल्या गिरणी कामगारांच्या, त्यांच्या बायकांच्या, खाणावळी चालवणाऱ्यांच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात. हे काम उद्यावर टाकता येणार नाही, कारण ही पिढी झपाट्याने सरते आहे. आणि महापालिकेच्या शाळांतल्या प्रत्येक मुलाला शिक्षकांसह इथे एकदा तरी आणावे.

यातले पहिले पाऊल आपणच टाकू. येत्या रविवारी आपापल्या वस्तीतल्या एखाद्या वृद्ध कामगाराला बरोबर घ्या, त्या पायऱ्या चढा आणि प्रत्येक कपाटापुढे थांबून विचारा: याला मजुरी काय मिळत होती?