सर्व्हरचीही सर्व्हिसिंग करा



बहारीनमध्ये उन्हाळा तापायच्या आधी आपण एसीची सर्व्हिसिंग करून घेतो. हॉलमधला एसी एका कंपनीचा, बेडरूममधला दुसऱ्या. झाकण उघडायची रीत वेगळी, पण धूळ दोन्हींत साचते. सर्व्हरचंही तसंच आहे. तुमच्यापैकी कुणी मंडळाची वेबसाइट सांभाळतं, कुणी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून घरचे फोटो साठवतं. त्यात सभासदांचे फोन नंबर असतात, कधी सीपीआर नंबरही. म्हणून आज अपडेटबद्दल बोलू.

आधी माझी चूक सांगतो. एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी जाहीर झाली. मी त्याच दिवशी अपडेट केलं आणि निवांत झोपलो. दोन दिवसांनी लक्षात आलं, वेब सर्व्हर रीस्टार्टच केला नव्हता! डिस्कवर नवी फाइल आली होती, पण चालू प्रोग्रॅम मेमरीतली जुनीच लायब्ररी वापरत होता. कुलूप आणलं, पण दाराला लावलंच नाही.

आता रीती पाहू. डेबियन आणि उबुंटूवर ‘ॲप्ट अपडेट’ फक्त यादी ताजी करतं. खरं काम ‘ॲप्ट अपग्रेड’ करतं. पहिल्यावरच थांबणारे बरेच असतात. रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर ‘डीएनएफ अपग्रेड’. फ्रीबीएसडीवर साधारणपणे दोन कामं असतात: मूळ सिस्टिमसाठी ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ आणि वरून टाकलेल्या प्रोग्रॅमसाठी ‘पीकेजी अपग्रेड’. एक केलं म्हणून दुसरं होत नाही. आणि कर्नल बदलला, की मशीन रीबूट करायलाच हवं.

आपली आवृत्ती अजून सांभाळली जाते का, हेही बघा. सेंटओएस 7 ची मुदत 30 जून 2024 ला संपली. त्यावर आज कमांड दिली, तरी नव्या दुरुस्त्या येणार कुठून?

मग दिसेल ते नवं लगेच घ्यावं का? तसंही नाही. मार्च 2024 मध्ये ‘एक्सझेड’ या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवल्याचं आंद्रेस फ्रॉइंड यांनी शोधून काढलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या शंकेवरून! ती आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखांत पोचली होती, स्थिर शाखेत नाही. म्हणून सर्व्हरवर स्थिर शाखा ठेवा. सुरक्षेच्या दुरुस्त्या लगेच घ्या, नवी वैशिष्ट्यं सवडीनं.

सर्व्हर क्लाउडवर असेल, तर ‘ते लोक बघतील’ असं धरून चालू नका. ॲमेझॉननं 2019 मध्ये बहारीनमध्ये डेटा सेंटर सुरू केली. पण भाड्यानं घेतलेल्या व्हर्च्युअल मशीनमधली ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट करणं आपल्याच माथी असतं.

शेवटी वेळ. गुरुवारी रात्री अपडेट केलं, तर शुक्रवारी भारतातली ऑफिसं चालू असतात. शुक्रवारी रात्री केलं, तर दोन्हीकडे निजानीज, आणि काही बिघडलंच तर निस्तरायला सगळा शनिवार हातात. आधी बॅकअप घ्या, आणि त्यातली एखादी फाइल परत उघडून बघा. न तपासलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

येत्या शुक्रवारी जेवणं आटोपली, की अर्धा तास काढा. आणि हो, रीस्टार्ट विसरू नका.