कुलूप कुठलं अडकलंय, ते आधी बघा

मी महूहून बोलतोय. महू म्हणजे इंदूरजवळची छावणी. इथे सैन्याचं दूरसंचाराचं मोठं कॉलेज आहे, त्यामुळे मी कॉम्प्युटरवर बोलणार म्हटलं की लोकांना वाटतं, हा सिग्नल्सचा माणूस असणार. तसं काही नाही. मी पायदळातला. साधा बीएस्सी. कॉम्प्युटर शिकलो तो निवृत्तीनंतर, आणि शिकलो तो चुका करत करत. आज त्यातल्याच काही चुका तुमच्यापुढे ठेवणार आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेनऊला फोन आला. माझ्या एका कोर्समेटच्या पत्नीचा. आमचा हा मित्र दोन महिन्यांपूर्वी गेला होता. वहिनी सिकंदराबादला एकट्या असतात. म्हणाल्या, “भावोजी, ह्यांचा कॉम्प्युटर उघडत नाहीये. निळा पडदा आलाय आणि अठ्ठेचाळीस आकडे मागतोय. दुकानातला मुलगा म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल. आतलं सगळं जाईल, पण मशीन नव्यासारखं चालेल.”

मी विचारलं, “आत काय काय आहे?”

“मला काय माहीत? सगळं हेच बघायचे.”

मी म्हटलं, “वहिनी, त्या मुलाला चहा पाजा आणि घरी पाठवा. मशीनला हात लावू देऊ नका. सकाळी आपण बघू.”

त्या सकाळी काय झालं ते शेवटी सांगतो. कारण तिथवर पोचायला आधीच्या पायऱ्या कळायला हव्यात.

सैन्यात काही बिघडलं की पहिला प्रश्न असतो, नक्की काय झालंय? अंदाज नको, काय दिसतंय ते सांग. कॉम्प्युटरचंही तेच. “उघडत नाही” हा काही रिपोर्ट नव्हे. पडदा वाचा. शब्दन्‌शब्द वाचा. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे मुलाला, नातवाला दाखवता येतो. आणि तोवर पासवर्ड पुन्हा पुन्हा मारत बसू नका. काही ठिकाणी पाच-सहा वेळा चुकलं की खातं काही काळ बंदच होतं.

मग ठरवायचं की कुलूप कुठलं अडकलंय. दारं तीन असतात. पहिलं कॉम्प्युटरचं स्वतःचं. दुसरं तुमच्या खात्याचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं किंवा गूगलचं. तिसरं एखाद्या साइटचं, बँक असो, पेन्शन असो, रेल्वेचं तिकीट असो. कॉम्प्युटर सुरू होऊन डेस्कटॉपच दिसत नसेल, तर अडचण पहिल्या दाराशी आहे. डेस्कटॉप दिसतोय पण एकच साइट आत घेत नाही, तर तीच साइट मोबाइलवर उघडून बघा. तिथे शिरलात तर पासवर्ड ठीक आहे, गडबड कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये आहे. तिथेही अडलात तर पासवर्ड किंवा खातं तपासा. एवढ्या एका चाचणीने अर्धा शोध संपतो.

आता पहिलं दार. माझी फजिती ऐका. मला मराठीत टाइप करायचं होतं, म्हणून मी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड टाकून घेतला. दुसऱ्या दिवशी पासवर्ड चालेना. दहा वेळा मारला. घरात सगळ्यांवर ओरडून झालं. शेवटी पासवर्डच्या चौकटीत उजवीकडे जे डोळ्याचं चिन्ह असतं ते दाबलं, तर माझा पासवर्ड देवनागरीत उमटलेला! कीबोर्ड मराठीवर राहिला होता. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात भाषा दिसते, ती इंग्रजी केली आणि आत गेलो. विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं तरी भाषा बदलते. आपल्यासारखे मराठी, हिंदी, तेलुगू असे दोन-तीन कीबोर्ड ठेवणारे लोक इथे हमखास अडकतात. तेव्हा सगळ्यात आधी तीन गोष्टी बघा: भाषा कुठली आहे, कॅप्स लॉक लागलंय का, आणि आकडे उजवीकडच्या पॅडवरून मारत असाल तर नम लॉक चालू आहे का.

दुसरा घोळ पिन आणि पासवर्डचा. पिन हा त्या एका मशीनपुरता असतो. पासवर्ड तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा, तो कुठूनही चालतो. पिनच्या जागी पासवर्ड मारला तर चालणार नाही. चौकटीखाली ‘साइन-इन ऑप्शन्स’ असं लिहिलेलं असतं, तिथे दोन्हींतलं काय वापरायचं ते निवडता येतं. पिन चार-पाच वेळा चुकला की पडदा तुम्हाला ‘ए१बी२सी३’ असं काहीतरी इंग्रजी अक्षरांत टाइप करायला सांगतो. आमच्या कॉलनीत एका गृहस्थांनी व्हायरस आला म्हणून मशीनची वायरच उपटली होती. तो व्हायरस नव्हे. बटणं चुकून दाबली जात नाहीत ना, एवढीच ती खात्री आहे. दाखवलेलं टाइप करा आणि पुढे जा.

तिसरं, इंटरनेट. मायक्रोसॉफ्टचा पासवर्ड तुम्ही मोबाइलवरून बदललात, तर घरच्या कॉम्प्युटरला ते नेट मिळाल्याशिवाय कळत नाही. तोवर तो जुनाच पासवर्ड मागत राहतो. लॉगिनच्या पडद्यावरच खाली वायफायचं चिन्ह असतं, तिथून नेट जोडता येतं. ‘पिन विसरलो’ हा पर्यायसुद्धा नेटशिवाय चालत नाही.

आणखी एक प्रसंग. आत गेलात, पण डेस्कटॉप कोरा, फोटो गायब, फायली गायब. छातीत धस्स होतं. घाबरू नका. पुष्कळदा विंडोजला तुमचं प्रोफाइल नीट वाचता आलेलं नसतं, म्हणून त्याने तुम्हाला तात्पुरत्या खोलीत बसवलेलं असतं. तुमचं सामान बहुधा जागच्या जागी असतं. अशा वेळी तिथे नवीन काही साठवू नका, कारण बाहेर पडलात की ते पुसलं जातं. एकदोनदा मशीन रीस्टार्ट करा. तरीही तसंच राहिलं तर जाणकार माणसाला बोलवा आणि आधी फायलींची प्रत काढून घ्यायला सांगा.

आता साइट्स. इथे पहिला संशय ब्राउझरने साठवलेल्या जुन्या पासवर्डवर घ्यायचा. तुम्ही पासवर्ड बदललेला असतो आणि तो इमानदारीने जुना भरून देत असतो. चौकट पुसा आणि हाताने लिहा. दुसरं, क्रोम किंवा एज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही तीन बटणं एकत्र दाबा. कोरी, खासगी खिडकी उघडते. तिथे लॉगिन झालं तर पासवर्ड बरोबर आहे, ब्राउझरमध्ये साठलेला जुना कचरा आड येतोय. सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटच्या कुकीज पुसल्या की काम होतं.

तिसरा गुन्हेगार कोणाच्या ध्यानात येत नाही. तारीख. गावाला जाऊन दोन-तीन महिन्यांनी आलात, जुना कॉम्प्युटर सुरू केला आणि एकही साइट उघडेना, तर घड्याळ बघा. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. तो संपला की मशीनला तारीख आठवत नाही, ते काही वर्षं मागे जातं. सुरक्षित साइट्सच्या प्रमाणपत्रांना मुदत असते, आणि चुकीच्या तारखेला ती प्रमाणपत्रं खोटी ठरतात. मोबाइलवरच्या ऑथेंटिकेटर ॲपचे आकडेही दर तीस सेकंदांनी बदलतात, त्यांनाही वेळ अचूक लागते. सेल बदलायला पाच मिनिटं पुरतात.

ओटीपीबद्दल एकच. आला नाही म्हणून चार वेळा मागवला, तर चार येतील आणि बहुधा शेवटचाच चालेल. एकदा मागवा आणि दोन मिनिटं थांबा. कुठल्या नंबरवर पाठवला त्याचे शेवटचे आकडे पडद्यावर दिसतात, ते वाचा. बदली झाली, गाव बदललं, नंबर बदलला आणि खात्यावर जुनाच राहिला, हे आपल्या फौजी कुटुंबांत फार होतं.

आणि एक ऑर्डर समजा. अडलात म्हणून गूगलवर ‘हेल्पलाइन नंबर’ शोधून जो पहिला दिसेल त्याला फोन करायचा नाही. तिथे ठगांनी टाकलेले नंबर असतात. तो गोड बोलेल, एक ॲप टाकायला सांगेल, आणि तुमचा पडदा त्याच्या हातात जाईल. पासवर्ड, पिन, ओटीपी खरी कंपनी फोनवर मागत नाही. तरी फसलात, पैसे गेले, तर लाजू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा. तो देशभराचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता वहिनींकडे येतो.

तो निळा पडदा बिटलॉकरचा होता. नव्या विंडोजमध्ये पुष्कळ मशीनांत आतली डिस्क कुलूपबंद असते, मालकाला पत्ताही नसतो. एरवी ते कुलूप आपोआप उघडतं. पण एखादं मोठं अपडेट आलं, आतला भाग बदलला, की मशीनला शंका येते आणि ते अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की मागतं. दुकानातला मुलगा खोटं बोलत नव्हता. ती की नसती, तर फॉरमॅटशिवाय खरंच मार्ग नव्हता. पण की कुठे आहे, हे त्याने शोधलं नव्हतं. घरच्या मशीनची की सहसा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते.

सकाळी दहाला आम्ही व्हिडिओ कॉलवर बसलो. मित्राचा ईमेल मला पाठ होता. पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. मी विचारलं, “वहिनी, त्याचा मोबाइल?” त्या म्हणाल्या, “चालू ठेवलाय. गॅसचं बुकिंग त्यावरच आहे.” गॅसच्या सिलिंडरने आम्हाला वाचवलं, मंडळी. त्या नंबरवर कोड आला, खात्याचा पासवर्ड बदलला, खात्यात त्या मशीनची की सापडली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मी वाचत होतो, वहिनी टाइप करत होत्या. मग मशीनने पिन मागितला. तो ‘विसरलो’ करून नवीन घातला. साडेअकराला डेस्कटॉप उघडला.

त्यावर एक फोल्डर होतं. नाव ‘माझ्यानंतर’. आत तीन पानांची टिपणं. मुदतठेवी कुठे, विमा कुठला, घराचे कागद कुठल्या कपाटात, पेन्शनसाठी कोणाकडे जायचं, सगळं क्रमवार. पक्का स्टाफ ऑफिसर होता तो. शेवटी लिहिलं होतं, घाबरू नकोस, सगळं सोपं करून ठेवलंय.

सगळं सोपं करून त्याने ते कुलपाच्या आत ठेवलं होतं, आणि किल्ली कोणालाच दिली नव्हती. आणखी एका महिन्याने तो नंबर बंद केला असता, तर ती तीन पानं गेली असती. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

एक गोष्ट मी त्यांना लगेच सांगितली, तुम्हालाही सांगतो. कॉम्प्युटर उघडला म्हणून गेलेल्या माणसाच्या नावाने बँकेत लॉगिन करून पैसे हलवायचे नाहीत. बँकेला कळवायचं, मृत्यूचा दाखला द्यायचा, वारसदार किंवा नॉमिनी म्हणून रीतसर अर्ज करायचा.

त्या रात्री मी आमच्या सौभाग्यवतींना म्हटलं, “माझा कॉम्प्युटर उघडून दाखव बरं.” ती म्हणाली, “मला काय माहीत? सगळं तुम्हीच बघता.” तेच वाक्य.

युनिटमध्ये शस्त्रागाराला आम्ही कोत म्हणतो. कोतीच्या किल्लीची दुसरी जोडी सीलबंद ठेवलेली असते, आणि ती कुठे आहे हे एकाहून जास्त माणसांना ठाऊक असतं. तीस वर्षं ही शिस्त पाळली आणि घरी विसरलो. दुसऱ्या दिवशी एक लिफाफा केला. आत एकच कागद. कॉम्प्युटरचा पिन. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल खात्यांची नावं आणि पासवर्ड. बिटलॉकरची की छापून. गूगलचे बॅकअप कोड, जे एकेकदाच चालतात. कुठला मोबाइल नंबर बंद करायचा नाही. बँकेचे पासवर्ड त्यात नाहीत, फक्त खाती कुठे आहेत ते आहे. लिफाफा दागिन्यांच्या कपाटात आहे. काही बदललं की कागद बदलतो, आणि दर सहा महिन्यांनी ती तो कागद घेऊन मशीन उघडून दाखवते. पहिल्यांदा तिला वीस मिनिटं लागली. आता तीन लागतात, आणि माझ्या टाइपिंगच्या चुका काढते ते वेगळंच.

तेव्हा आज हे भाषण संपलं की एवढंच करा. घरात जो कॉम्प्युटर बघत नाही, त्याला त्याच्यासमोर बसवा आणि म्हणा, उघडून दाखव. तुम्ही शेजारी बसा, पण हात मागे ठेवा.

जय हिंद.