संगणकातील दुभाषी



कावेरीकाठचे कुंभकोणम हे गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्या शालेय जीवनाचे गाव. तंजावरच्या मराठी राज्याच्या छायेत वाढलेल्या या परिसरातील मराठी घराण्यांत, घरी मराठी आणि बाजारात तमिळ असा दोन भाषांचा संसार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. १५ सप्टेंबर २०११ रोजी तामिळनाडू शासनाने शासकीय व अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. त्या लॅपटॉपमध्येही दोन घरे नांदत होती. एक विंडोजचे आणि दुसरे सी-डॅकने घडविलेल्या ‘बॉस’ या लिनक्स प्रणालीचे. यंत्र सुरू करताना कोणत्या घराचे दार उघडावयाचे, हे विद्यार्थ्याने ठरवावयाचे होते.

ज्याला युनिक्सची अवजारे शिकावयाची आहेत, त्याच्यापुढे हा प्रश्न आजही तसाच उभा राहतो. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. एकेक छोटे काम चोख करणारी अनेक अवजारे, हे त्या प्रणालीचे वैशिष्ट्य. ग्रेप ओळी शोधते, सॉर्ट त्या क्रमाने लावते, डब्ल्यूसी त्यांची मोजदाद करते. डग्लस मॅकइलरॉय यांच्या आग्रहातून १९७३ मध्ये ‘पाइप’ आला आणि एका अवजाराचे फलित थेट दुसऱ्याच्या हाती जाऊ लागले. चार ओळींच्या आज्ञेत हजारो नोंदी चाळता येतात, त्या याच बळावर.

ही अवजारे विंडोजवर आणण्याचे तीन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात अवजार विंडोजसाठीच नव्याने बांधले जाते. ते त्या प्रणालीशी तिच्याच भाषेत बोलते. दुसऱ्या मार्गात मध्ये दुभाषी बसतो. १९९५ साली सुरू झालेला सिग्विन हा असा दुभाषी आहे. अवजाराने युनिक्सच्या पद्धतीने केलेली विनंती तो विंडोजला समजेल अशा रूपात पोहोचवितो. तिसऱ्या मार्गात विंडोजच्या पोटातच लिनक्स चालते. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये ही सोय आणली तेव्हा तिचे स्वरूपही दुभाष्याचेच होते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र लिनक्सचा खराखुरा गाभा एका आभासी यंत्रात चालू लागला.

दुभाष्याची किंमत कोठे मोजावी लागते, हे पालकांनी समजून घेतले पाहिजे. युनिक्समध्ये एक प्रक्रिया स्वतःची प्रत काढून दुसरी प्रक्रिया जन्माला घालते. विंडोजमध्ये तशी सहज सोय नसल्याने सिग्विनला ती प्रत स्वतः कष्टाने उभी करावी लागते. एकच मोठी फाइल ग्रेपने चाळली तर हा फरक फारसा जाणवत नाही. एखादी आज्ञावली हजार वेळा छोटी अवजारे बोलावू लागली, की तोच फरक डोळ्यांत भरतो. आभासी यंत्रातील लिनक्सची अडचण वेगळी. त्याच्या स्वतःच्या घरातील फाइलींवर ते वेगाने काम करते. विंडोजच्या घरातील फाइली मागितल्या की उंबरठा ओलांडताना रेंगाळते. शिवाय त्याला स्मरणशक्तीही अधिक लागते.

यावरून थेट बांधणीचे अवजार सदैव श्रेष्ठ, असा निष्कर्ष निघेल; पण मराठी माणसाने येथे सावध राहावे. अशा अनेक जुन्या अवजारांना देवनागरी किंवा तमिळ अक्षरांतील फाइलीचे नाव वाचता येत नाही. त्यांना तेथे केवळ प्रश्नचिन्हांची रांग दिसते आणि समोर असलेली फाइल सापडत नाही. सिग्विनने मात्र १.७ या आवृत्तीपासून यूटीएफ-८ ही संकेतपद्धती स्वीकारली. या पद्धतीत ‘शाळा’ हा शब्द बारा बाइटांचा, चार संकेतचिन्हांचा आणि वाचणाऱ्याच्या लेखी दोन अक्षरांचा आहे. अवजार यांपैकी काय मोजते, हे ठाऊक नसेल तर उत्तर बरोबर येऊनही चुकीचे ठरते.

क्रमवारीचेही तसेच. संकेतांकांच्या क्रमाने यादी लावली तर ‘ळ’ हा ‘व’च्या आधी येतो आणि ‘क्षमा’ हा शब्द ‘क’च्या रांगेत जाऊन बसतो. मराठी वर्णमालेत ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांचे स्थान शेवटी आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजे यांच्या काळापासून जपलेला मराठी हस्तलिखितांचा ठेवा आहे. अशा ग्रंथसंपदेची सूची कोणी संगणकावर लावू लागले, तर चुकलेल्या क्रमामुळे ग्रंथ जागेवर असूनही वाचकाला तो हरवलेलाच वाटेल. अवजाराची निवड ही अशी आपल्या भाषेच्या स्मृतीपर्यंत जाऊन भिडते.

मग निवड कशी करावी? अधूनमधून एखादी फाइल चाळावयाची असेल, तर थेट बांधणीचे नवे अवजार पुरे. मात्र मराठी नावाच्या फाइलीवर ते आधी पारखून घ्यावे. विंडोजमधील फाइलींवर युनिक्सच्या सवयीने नित्य काम करावयाचे असेल आणि यंत्र जुने असेल, तर सिग्विन उपयोगी पडते. यंत्र सक्षम असेल आणि पुढे लिनक्सवरच चालणाऱ्या कामाचा अभ्यास करावयाचा असेल, तर आभासी यंत्रातील लिनक्स घ्यावे व फाइली त्याच्याच घरात ठेवाव्यात. ज्याला त्या विद्येत खोलवर उतरावयाचे आहे, त्याने केव्हातरी लिनक्सच्या घरात थेट राहावयास जावे. संपूर्ण कुटुंबाचा एकच संगणक असेल, तर त्यापूर्वी सर्व कागदपत्रांची आणि छायाचित्रांची प्रत अन्यत्र काढून ठेवावी.

दुभाष्याच्या आधाराने परक्या गावी व्यवहार चालतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र आपण दुभाष्यामार्फत बोलत आहोत, हे भान सुटता कामा नये. काम अडले, की दोष आज्ञेत आहे, अवजारात आहे की भाषांतरात आहे, हे ज्या मुलाला शोधता येते, त्याला यंत्र बदलल्याची धास्ती वाटत नाही. मुलांच्या हाती संगणक देणाऱ्या घरांनी आणि शाळांनी ही शोधक वृत्तीही त्यासोबत द्यावी, एवढीच विनंती.