वापरलेला पेसमेकर आणि जंतूंचे भय



आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. तथापि पेसमेकरसाठी घरातले दागिने गहाण पडतात, हे काउंटरच्या आतल्या बाजूने दिसते. सबब हा विषय.

पेसमेकर छातीच्या कातडीखाली बसवितात व त्याची तार शिरेतून हृदयात जाते. कातडीवरचे साधे जंतू या यंत्राला चिकटले की त्यावर थर करून राहतात. मग नुसत्या औषधाने भागत नाही. बहुधा यंत्र आणि तारा सगळेच काढावे लागते. गरिबाने दुसरे यंत्र आणावे कोठून?

मृताच्या शरीरातून काढलेले यंत्र स्वस्त पडेल, पण त्याने जंतू येतील, असे कोणालाही वाटेल. मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात याचा ताळा पाहण्यात आला. अमेरिकेतील अंत्यविधी संस्थांनी नातेवाइकांच्या संमतीने दिलेली यंत्रे निर्जंतुक करून ५३ गरीब रुग्णांना बसविली. सरासरी ६६१ दिवसांत एकालाही जंतुसंसर्ग झाला नाही. खुद्द अमेरिकेत अशा फेरवापरास मुभा नाही, ही गंमतच! ५३ हा आकडा लहान खरा. पण २०२० साली कॅनडातील डॉक्टरांनी १,०५१ वापरलेल्या यंत्रांची ३,१५३ नव्या यंत्रांशी तुलना प्रसिद्ध केली. दोन वर्षांत संसर्ग अनुक्रमे २१ आणि ३८ जणांना झाला. इतर बाबींचा हिशेब धरता दोहोंत लक्षणीय फरक उरला नाही.

म्हणजे यंत्र जुने की नवे यापेक्षा स्वच्छता किती पाळली, हे मोठे. छेद देण्यापूर्वी प्रतिजैविकाचे इंजेक्शन, मधुमेहावर ताबा, जखमेखाली रक्त साचू न देणे, ही रुग्णालयाची कामे. घरी आल्यावर जखम कोरडी ठेवावी. हळद, तेल, बाम काही लावू नये. जागा सुजली, लाल झाली, तर गल्लीतल्या डॉक्टरकडून सुई टोचून पाणी काढवू नये. त्याच सुईने जंतू आत जातात. सरळ घाटीत, किंवा यंत्र जेथे बसविले तेथे जावे.

ताप हटत नसेल तर परस्पर गोळ्या घेऊ नयेत. प्रतिजैविक सुरू होण्याआधी जंतूंसाठी रक्त तपासावे लागते. नंतर जंतू सापडणे कठीण होते. पेसमेकरचे ओळखपत्र मिळते, ते पासबुकासारखे जपावे आणि तापाच्या वेळी डॉक्टरांपुढे पहिल्यांदा तेच ठेवावे.