चुंबकी ताऱ्यांचा उजेड
(मंडळाच्या गुहागर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस ह्या व्यासपीठावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ह्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; सारी हयात मुलांना अंकगणित व भूगोल शिकविण्यात गेली. तेव्हा आम्ही खगोलशास्त्राचे अधिकारी नव्हे. परंतु सेवानिवृत्तीनंतर जे वाचले, त्यांतील एक विषय आपल्या मुलाबाळांच्या कानांवर घालावा असे मनापासून वाटले. तो विषय म्हणजे चुंबकी श्वेतबटू ताऱ्यांच्या जोड्या व त्यांच्यापासून येणारा प्रकाश.

प्रथम श्वेतबटू म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन संपले म्हणजे त्याची बाहेरील आवरणे अवकाशात विखुरतात व मागे गाभा तेवढा उरतो. आकार पृथ्वीएवढा, पण वजन जवळजवळ सूर्याच्या तोलाचे! त्यातील चमचाभर द्रव्य कित्येक टन भरेल. अशा ताऱ्याच्या वजनास मर्यादा असते, ती सूर्याच्या सुमारे १.४ पट. ह्या मर्यादेचे गणित सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर ह्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने १९३० साली मुंबईहून विलायतेस जाताना आगबोटीवर मांडण्यास आरंभ केला. पुढे १९८३ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या समुद्राच्या काठी आपण आज बसलो आहोत, त्याच समुद्रावरून ती बोट गेली.

आता ह्या बटूस जोडीदार मिळाला, म्हणजे काय होते ते पाहू. पुष्कळ श्वेतबटू एकटे नसतात. शेजारी एखादा लहान, तांबूस तारा असतो. अंतर कधी कधी इतके थोडे, की दोघे दोन-चार तासांतच एकमेकांभोवती फेरी पुरी करतात. मग बटू आपल्या आकर्षणाने शेजाऱ्याच्या अंगावरील वायू ओढून घेऊ लागतो. साधारणपणे हा वायू बटूभोवती गोल फिरत चकतीच्या आकाराने साचतो. परंतु काही बटू जबरदस्त चुंबक असतात. तेथे चकती बनूच शकत नाही. आपल्या पोफळीच्या बागांत रहाटाचे पाणी वाटेल तसे न पसरता पाटाने जाऊन नेमक्या आळ्यात पडते. तद्वत् तो वायू चुंबकीय रेषांच्या पाटाने वाहत जाऊन बटूच्या चुंबकीय ध्रुवावर कोसळतो.

ह्या चुंबकाचे बळ किती, ते अंकांत सांगतो. होकायंत्राची सुई फिरविणारे पृथ्वीचे चुंबकत्व अर्ध्या गौसच्या आसपास आहे. इस्पितळात ज्या यंत्रात रुग्णास निजवून शरीराच्या आतील चित्रे घेतात, त्या एम. आर. आय. यंत्राचे साधारण पंधरा हजार गौस. प्रयोगशाळेत मनुष्याने अखंड टिकवलेले सर्वांत प्रबळ चुंबकीय क्षेत्र साडेचार लाख गौसच्या घरातले. आणि ह्या ताऱ्यांचे? एक कोटीपासून वीस कोटी गौसहूनही अधिक!

इतक्या दूरच्या ताऱ्याचे चुंबकत्व मोजावयास तेथे कोण गेले होते, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, व ह्या विषयाचे मर्म त्यातच आहे. तेथे कोणी गेले नाही. प्रकाशानेच येथे येऊन साक्ष दिली.

ही साक्ष कशी वाचावयाची, ते समजण्यास एक दोर पुरे. तो माडास बांधून दुसरे टोक हातात धरा. हात वरखाली हलविला, तर लाट उभी जाते. आडवा हलविला, तर आडवी. साध्या प्रकाशात सर्व दिशांच्या लाटांची सरमिसळ असते. पण काही कारणाने एकाच दिशेच्या लाटांचे आधिक्य झाले, म्हणजे तो प्रकाश ध्रुवित झाला असे म्हणतात. दुपारी आपल्या किनाऱ्यावर पाण्याची जी तिरीप डोळ्यांवर येते, ती अशीच अंशतः ध्रुवित असते. ध्रुवणाची काच असलेला काळा चष्मा हातात धरून हळूहळू फिरविला, तर ती कमी-जास्त होताना दिसेल. मुलांनी हा प्रयोग अवश्य करावा.

बटूच्या ध्रुवाकडे वायू सेकंदास काही हजार किलोमीटर वेगाने येतो व आदळून दहा कोटी अंशांच्याही वर तापतो. त्यातून क्ष-किरण निघतात. त्याच वायूतील इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गरगरतात, व त्या गरगरण्यातून निघणारा प्रकाश ध्रुवित असतो. त्यातील काही भाग तर मळसूत्राप्रमाणे पीळ घेत येतो. हा पीळ मोजला व वर्णपटातील उंचवटे तपासले, म्हणजे चुंबकाचे बळ गणिताने काढता येते.

ह्या शोधाचा इतिहासही बोधप्रद आहे. शौरी तारकासमूहात, अभिजित ताऱ्याच्या उत्तरेस, सुमारे २८५ प्रकाशवर्षांवर 'एएम हर्क्युलिस' नावाचा तारा आहे. माक्स वोल्फ ह्या जर्मन ज्योतिर्विदाने १९२३ साली त्याची नोंद केली ती केवळ एक कमी-जास्त तेजाचा तारा म्हणून. पुढे अर्धशतक त्याच्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. १९७६ साली सान्तियागो तापिया ह्यांनी अमेरिकेत त्याच्या प्रकाशाचे ध्रुवण मोजले, आणि ह्या नव्या जातीचा उलगडा झाला. अशा ताऱ्यांस 'पोलर' हे नाव त्यावरूनच पडले. ह्या जोडीची एक फेरी तीन तास सहा मिनिटांत होते. तिच्या बटूचे बळ सुमारे दीड कोटी गौस आहे.

ह्या विद्येत आपला महाराष्ट्रही मागे नाही. कै. जयंत नारळीकर ह्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यास १९८८ साली स्थापन झालेल्या 'आयुका' संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण जुन्नरच्या बाजूस गिरवली येथे २००६ साली सुरू झाली. तीवर प्रकाशाचे ध्रुवण मोजण्याची सोय केलेली आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहावरील मृदू क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ साली जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी ह्यांच्या पुढाकाराने अमेरिकेत पालोमार येथे २०१८ पासून आकाशाची जी अखंड टेहळणी चालू झाली, तीतून अशा जातीचे कित्येक नवे तारे हाती लागले आहेत.

तथापि हे काम मोठ्या संस्थांचेच आहे, असे मात्र कोणी समजू नये. वृश्चिक राशीत, ज्येष्ठेजवळ, 'एआर स्कॉर्पी' नावाची अशीच एक विलक्षण जोडी आहे. तिचा प्रकाश दर दोन मिनिटांच्या आत एकदा उसळतो. तिचे वेगळेपण प्रथम हेरले ते युरोपातील काही हौशी निरीक्षकांनी, व २०१६ साली ते शास्त्रीय जगापुढे आले. पोलर ताऱ्यांचे तेज अधूनमधून अचानक मंदावते, कारण शेजाऱ्याकडून येणारा वायूच आटतो. तो केव्हा आटेल, ह्याचा नेम नसतो. म्हणून रोज रात्री कोणीतरी पाहत राहावे लागते. मोठ्या दुर्बिणींना एवढी सवड नसते. हौशी मनुष्यास ती असते.

आणि येथेच आमचे खरे मागणे आहे. 'एएम हर्क्युलिस' नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. परंतु आठ-दहा इंची आरशाची दुर्बीण व तीस जोडलेला कॅमेरा एवढ्या साधनांनी त्याचे तेज शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून पाहता येते. पावसाळा सरल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास तिन्हीसांजेनंतर तो वायव्येस असतो. वैशाखात मध्यरात्री ज्येष्ठा दक्षिणेकडे येते. ह्यास मुख्य भांडवल लागते ते अंधाराचे, आणि ते आपल्या गुहागरापाशी अजून शिल्लक आहे. मुंबई-पुण्याच्या मुलांस ते पैसे टाकूनही मिळत नाही. परंतु किनाऱ्यावर व रस्त्यांवर उघड्या, आकाशाकडे उजेड फेकणाऱ्या दिव्यांची संख्या वाढत आहे. दिवे नकोत असे आम्ही म्हणत नाही. बायामाणसांस रात्री निर्धास्त फिरता आले पाहिजे. त्यांवर झाकणे बसवावीत, उजेड जमिनीवर पडावा, इतकेच. नवी घरे व निवास बांधणाऱ्या आपल्या बांधवांनी आपल्या अंगणापासून आरंभ करावा.

दुसरे, मंडळ दरसाल विद्यार्थ्यांस वह्या-पुस्तके व शिष्यवृत्त्या देते, हे भूषणावह आहे. त्याच निधीत थोडी भर घालून एक बरी दुर्बीण घ्यावी व ती कपाटात न ठेवता मुला-मुलींच्या स्वाधीन करावी. ह्यात नोकरीचा लाभ किती, असे पालक विचारतील. आमचे उत्तर असे की, नेमाने पाहणे, पाहिले तेवढेच लिहिणे आणि लिहिलेले गणिताने तपासणे, ही सवय ज्यास लागली, तो कोणत्याही धंद्यात गेला तरी कमी पडणार नाही. आणि त्यातून एखादी मुलगी पुढेमागे गिरवलीच्या दुर्बिणीपाशी जाऊन बसली, तर सर्व ज्ञातीस आनंदच होईल.