केसांची गोष्ट



संयोजकांनी दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. समोर बसलेल्या आपल्या बॅचची डोकी पाहिली आणि विषय आपोआप ठरला. हसू नका, मीही त्यातलीच आहे.

आपल्या वडनेरच्या शाळेत तेल चोपडून दोन वेण्या आणि लाल रिबिनी सक्तीच्या होत्या. माझी वेणी कमरेपर्यंत होती. चाळिशी ओलांडली आणि पुण्यात न्हाणीघराची जाळी रोज माझ्याच केसांनी तुंबू लागली. एका क्लिनिकमध्ये गेले. पहिल्याच भेटीत पी.आर.पी.चं पॅकेज गळ्यात पडलं. यात आपल्याच हातातून रक्त काढतात, यंत्रात गरगर फिरवतात, प्लेटलेट्स असलेला पिवळसर भाग वेगळा करतात आणि बारीक सुईने डोक्यात ठिकठिकाणी टोचतात. महिन्याच्या अंतराने चार बैठका झाल्या. दुखतं, हे कुणी आधी सांगत नाही. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो दाखवले. नंतरच्या फोटोत दिवा जास्त होता, एवढं माझ्या लक्षात आलं. केस गळतच राहिले. शेवटी दुसऱ्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी साधी रक्ततपासणी करायला लावली, तेव्हा शरीरातलं लोह पार तळाला गेलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या, आणि सहाएक महिन्यांत जाळी तुंबायची थांबली. आमच्या धंद्यात चूक कुठे आहे ते न शोधता वरून ठिगळ लावलं तर कनिष्ठांना आम्ही झापतो. मी स्वतःच्या डोक्याला चार ठिगळं लावून घेतली होती, तीही पैसे मोजून.

इंजेक्शनं वाईट असतात असं मी म्हणत नाही. चाई पडते, म्हणजे रुपयाएवढा गोल चट्टा, तिथे डॉक्टर स्टेरॉईडचं इंजेक्शन देतात आणि बऱ्याच जणांना गुण येतो. वंशपरंपरेने केस विरळ होतात, तिथे पी.आर.पी.चा काहींना फायदा होतो. पण गुळगुळीत झालेल्या टकलावर काही उगवत नाही. मागच्या रांगेतल्यांनी पैसे वाचवावेत.

आता खरं सांगायचं ते. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस शेजारच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुठीने हातात येऊ लागले आणि तीन-चार दिवसांत टक्कल. आपण सगळ्यांनी ते टीव्हीवर पाहिलं. तिकडे दिलेली माझी मामेबहीण जानेवारीत रडत फोनवर म्हणाली, "ताई, तू पुण्यात घेतलं ते इंजेक्शन केवढ्याले पडते वं? पोरीले न्याचं हाय." पोरगी विशीची. बघायला येणाऱ्यांनी गावाचं नाव ऐकूनच येणं रद्द केलं होतं. घरातला कापूस विकून पैसे उभे करायची तयारी होती.

मी नको म्हणाले. कारण कळल्याशिवाय सुई टोचू नकोस, सरकारी पथक नमुने घेतंय, थांब. फोन ठेवला आणि रात्रभर झोप नाही. माझं चुकलं असतं तर?

कुणी पाण्याला दोष देत होतं, कुणी शाम्पूला, कुणी बुरशीला. पुढे विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर या गावांत गेले. रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम फार वाढलेलं त्यांना आढळलं आणि त्यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. सेलेनियम शरीराला कणभर लागतं; जास्त झालं की केस जातात, नखंही जातात, आणि तिकडे काहींची नखं पुढे गेलीच. ज्याचं मूळ ताटात होतं, त्याला डोक्यात सुई टोचून काय होणार होतं?

बहिणीने तो गहू बंद केला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, हा हिशोब मी तिला लिहून दिला होता. ती दर रविवारी पट्टी लावून मोजायची आणि मला कळवायची. आखाजीला मी गेले, तर भाची ओढणी न घेता चहा घेऊन बाहेर आली. डोक्यावर बोटभर केस, उभेच्या उभे. म्हणाली, "मावशी, आता कंगवा अडकते."